काळजीला वेळ नेमून देण्याची रीत : वही, वीस मिनिटे आणि नेहमी चुकणारा क्रम

काळजी करण्यासाठी दिवसातली एक वेळ राखून ठेवावी आणि उरलेला दिवस मोकळा करावा, हा उपाय आता बऱ्याच जणांच्या कानावरून गेलेला आहे. तो करून पाहिलेल्यांची तक्रार मात्र बहुधा एकच असते : ‘चार दिवस वही लिहिली, उलट डोक्याचा जास्तच भुगा झाला.’ खोदून विचारले की कळते, वही रात्री अंथरुणात लिहिली होती. किंवा दिवसभर काहीच टिपले नव्हते आणि वेळ झाल्यावर आठवून आठवून काळज्या गोळा केल्या होत्या. किंवा लिहिलेल्या काळजीचे पुढे काय करायचे हेच ठरलेले नव्हते. उपायाची एकेक पायरी सोपी आहे. चुकतो तो पायऱ्यांचा क्रम, आणि क्रम चुकला की तीच वही विचारांचे गुऱ्हाळ चालवण्याची सोय होऊन बसते.

हा लेख रोजच्या काळज्यांसाठी आहे. मुलीचा फोन लागत नाही, साहेब आज नीट बोलले नाहीत, आईचा तपासणी अहवाल सोमवारी येणार आहे, सोसायटीच्या सभेत आपण जरा जास्तच बोललो का, अशा. यांतली एकही गोष्ट खोटी नसते, म्हणूनच ‘काळजी करू नकोस’ हे वाक्य ऐकणाऱ्याला टोचते. येथे काळजी नाहीशी करायची नाही. दिवसभर घरभर सांडलेली असते, ती एका भांड्यात गोळा करायची आहे.

पद्धतीचा मूळ आराखडा अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ थॉमस बोर्कोव्हेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातला आहे. त्यात रोज अर्धा तास, एकच ठरलेली वेळ आणि एकच ठरलेली जागा असे बंधन होते आणि सराव चार आठवड्यांचा होता. मी अर्ध्या तासाची वीस मिनिटे केली आहेत, कारण घर चालवणाऱ्या माणसाला अर्धा तास सलग मिळत नाही आणि न मिळणाऱ्या वेळेवर बेतलेली सवय आठवड्यात मोडते. चार आठवड्यांत मात्र कपात करू नये.

तयारी : सुरुवात करण्यापूर्वी

वही. कागदाचीच असावी. एक शंभर पानी एकरेघी वही घरात ठेवण्यासाठी आणि पाठकोऱ्या कागदांच्या चिठ्ठ्या किंवा खिशात मावेल अशी छोटी वही दिवसभर जवळ बाळगण्यासाठी. मोबाइलमध्ये नोंद करणे सोयीचे वाटते, पण चार शब्द लिहायला फोन उघडला की वाटेत कुटुंबाचा ग्रुप लागतो, तिथे कोणीतरी कोणाच्या तरी आजाराची बातमी टाकलेली असते, आणि एक काळजी लिहायला गेलेला माणूस दोन घेऊन परततो.

वेळ. झोपण्याच्या किमान दोन तास आधीची आणि रोज तीच. दिवेलागणीची वेळ पुस्तकी दृष्टीने उत्तम, परंतु ज्या घरात त्याच वेळी कुकर लावायचा असतो, मुलांचा अभ्यास घ्यायचा असतो आणि दुसऱ्या खोलीत मालिकेचे शीर्षकगीत सुरू होते, तेथे ती टिकत नाही. ज्या वेळी तुमच्याकडून कोणालाही काही नको असते अशी वीस मिनिटे शोधावीत. नोकरी करणाऱ्यांपैकी काहींना ती घरात शिरण्यापूर्वी, इमारतीखालच्या बाकावर मिळतात. रात्रपाळी करणाऱ्यांनी घड्याळ न पाहता आपल्या झोपेच्या वेळेपासून उलटे मोजावे. लोकलमध्ये बसायला जागा मिळाली तर तिथेच उरकू, असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. ज्या दिवशी जागा मिळणार नाही त्या दिवशी काय, याचे उत्तर त्यांच्याकडे नसते.

जागा. अंथरूण नको, आवडती खुर्ची नको, जेवणाचे टेबल नको आणि देवासमोरचा पाटही नको. आपण जिथे निवांत असतो ती जागा या कामासाठी खर्ची घालू नये, कारण एका जागी रोज एकच गोष्ट केली की ती जागा दिसताच मन तिकडे वळू लागते. गॅलरीतले प्लास्टिकचे स्टूल, जिन्याची पायरी, गच्चीचा कठडा यांपैकी काहीही चालेल. जागा किंचित गैरसोयीची असली तर चांगलेच, म्हणजे वेळ संपल्यावर तिथे रेंगाळावेसे वाटत नाही.

घरच्यांना सूचना. ‘मी काळजी करायला बसते आहे’ असे जाहीर केले तर घरातले सगळे स्वतः काळजीत पडतील. ‘वीस मिनिटे हिशेब लिहिते, मग बोलू’ एवढे पुरते.

*तपासा : वेळ, जागा आणि वही ठरली का? वेळेचा आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहिला का? ‘संध्याकाळी कधीतरी’ ही वेळ नव्हे.*

टप्पा १ : पहिले तीन दिवस फक्त नोंद

या तीन दिवसांत काहीही सुधारायचे नाही. मन काळजीत अडकल्याचे लक्षात आले की चिठ्ठीवर तीनच गोष्टी टिपाव्यात : किती वाजले, आपण कुठे होतो, आणि काळजी चार-सहा शब्दांत. ‘११.१०, कार्यालय, घराचा हप्ता’ एवढी नोंद पुरे. कारणमीमांसा नको, भावना नकोत.

उत्साही माणसे हा टप्पा गाळतात आणि थेट वीस मिनिटांना बसतात. मग त्यांच्यापाशी दिवसाचा कच्चा माल नसतो, म्हणून ती त्या क्षणी जे सर्वांत भयंकर वाटेल ते लिहितात आणि घाबरून उठतात. तीन दिवसांच्या नोंदींचा दुसराही उपयोग आहे. चौथ्या दिवशी सगळ्या चिठ्ठ्या एका ओळीत मांडल्या की दिसते, काळज्या वाटतात तितक्या वेगवेगळ्या नसतात. शाळेची फी, विजेचे बिल, गावच्या घराचे पत्रे आणि पुतणीच्या लग्नातला आहेर या चार चिठ्ठ्यांखाली एकच काळजी असते, पैशांची. माझ्या स्वतःच्या निम्म्याहून अधिक नोंदी दिवसातल्या दोनच वेळांच्या निघाल्या : सकाळच्या दुसऱ्या चहानंतरच्या आणि रात्री फोन हातात घेऊन आडवे झाल्यानंतरच्या. वेळ कळली की पुढचे काम सोपे होते.

*इशारा : नोंदींची संख्या पाहून धसका घेऊ नये. मोजायला लागल्यावर त्या पहिल्यांदाच दिसतात, इतकेच.*

टप्पा २ : दिवसभर टिपणे आणि पुढे ढकलणे

चौथ्या दिवसापासून नोंदीला एक वाक्य जोडायचे. क्रम असा : लक्षात येणे, चार-सहा शब्दांत टिपणे, मनाला वेळ सांगणे, आणि ताबडतोब हात-डोळे गुंततील अशा कामाला लागणे. वेळ सांगण्याचे वाक्य साधे असावे : ‘याचे साडेसहाला बघू.’ ते ओठांत पुटपुटले तरी चालते, पण पूर्ण म्हणावे आणि त्यात घड्याळातली वेळ असावी.

सर्वांत जास्त गफलत याच ठिकाणी होते, कारण पुढे ढकलणे आणि दाबून टाकणे या दोन्ही गोष्टी बाहेरून सारख्या दिसतात. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर यांच्या १९८७ च्या प्रयोगात लोकांना पाच मिनिटे पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका, असे सांगितले होते. त्यांना तो विचार टाळता तर आला नाहीच, शिवाय नंतर मोकळीक दिल्यावर, ज्यांना सुरुवातीपासूनच अस्वलाचा विचार करायला सांगितले होते त्यांच्यापेक्षाही यांच्या मनात ते अधिक वेळा आले. ‘हा विचार नकोच’ असे म्हणणे म्हणजे दाबणे. ‘हा विचार साडेसहाला’ असे म्हणण्यात मनाशी केलेला करार आहे, आणि तो साडेसहाला पाळला गेला तरच दुसऱ्या दिवशी मन त्यावर विश्वास ठेवते. म्हणून ज्या दिवशी साडेसहाची बैठक चुकते, त्याच्या दुसऱ्या दिवशी ढकलणे जड जाते. हा अनुभव बहुतेकांना येतो. त्याला पद्धतीचे अपयश समजू नये.

नंतरच्या कामाविषयी थोडे. ‘मन दुसरीकडे वळवा’ असे सांगितले की लोक दूरचित्रवाणी लावतात. पाहता पाहता मागे विचार चालू ठेवता येतो, म्हणून तिचा उपयोग कमी. मेथी निवडणे, कपड्यांच्या घड्या घालणे, कागदपत्रे तारखेप्रमाणे लावणे, पायपुसणे झटकणे अशी हातांची कामे बरी. कार्यालयात असाल तर समोरच्या कागदातली पुढची एकच ओळ निवडून तेवढी पूर्ण करावी.

तीच काळजी पुन्हा आली तर ती पुन्हा लिहायची नाही, आधीच्या नोंदीपुढे एक उभी रेघ मारायची. काहींपुढे दिवसाअखेर सात-आठ रेघा जमतात. संध्याकाळी कुठून सुरुवात करायची हे त्या रेघाच सांगतात.

*इशारा : प्रत्येक गोष्ट पुढे ढकलायची नसते. पहिल्याच महिन्यात मी एका सकाळी ‘गिझरच्या बटणापाशी जळका वास’ असे शिस्तीत टिपले, ‘साडेसहाला बघू’ म्हटले आणि कामावर गेले. संध्याकाळी घरी आले तेव्हा बटणाचे प्लास्टिक वितळून भिंतीला चिकटले होते. जळका वास, गॅसचा वास, छातीतली कळ, लहान मुलाचा चढता ताप, खात्यातून अचानक गेलेले पैसे या काळज्या नव्हेत, ही कामे आहेत आणि ती त्याच क्षणी करायची असतात. ऑनलाइन फसवणुकीने पैसे गेले असतील तर १९३० या क्रमांकावर तत्काळ तक्रार करावी. तेथे प्रत्येक तासाला किंमत असते.*

टप्पा ३ : ठरलेली वीस मिनिटे

वेळ झाली की चिठ्ठ्या घेऊन ठरलेल्या जागी बसावे आणि गजर लावावा. गजर फोनवर लावला असेल तर फोन हाताच्या अंतरावर नसावा. वीस मिनिटांचे तीन भाग पडतात : पाच मिनिटे वाचन, दहा मिनिटे वर्गवारी, पाच मिनिटे कृती.

वाचन. दिवसाच्या नोंदी हळू आवाजात वाचाव्यात. त्यांतल्या काही आपोआप निकालात निघालेल्या असतात. मुलीचा फोन दुपारीच आलेला असतो, साहेब संध्याकाळी हसून बोललेले असतात. अशा नोंदींवर आडवी रेघ मारावी. ती मारण्याची घाई करू नये. काळजी खरी न ठरल्याचे जे काही वाटते, ते दोन क्षण वाटू द्यावे.

वर्गवारी. उरलेल्या प्रत्येक नोंदीपुढे एक अक्षर लिहावे. करण्यासारखे काही असेल तर ‘क’. केवळ वाट पाहायची असेल तर ‘वा’. घडून गेलेले असेल तर ‘घ’. चौथे अक्षर शोधू नये. ‘ही काळजी दोन्हींत बसते’ असे वाटले तर ती दोन ओळींत फोडून लिहावी. अक्षर चुकले तर पुढचे सगळे चुकते, म्हणून एकेक प्रकार सविस्तर पाहू.

‘क’ प्रकारात नोंद असते समजा ‘आईच्या गुडघ्याचे ऑपरेशन, पैसे’. यावर बहुतेक जण ‘पैशांचे बघणे’ असे लिहून मोकळे होतात. ते काम नाही, तीच काळजी क्रियापद लावून पुन्हा लिहिली आहे. काम असे लिहावे की दुसऱ्या कोणाच्या हाती कागद दिला तरी त्याला ते करता यावे : ‘उद्या ११ वाजता विमा कंपनीला फोन करणे; आपल्या शहरात रोखीशिवाय उपचार होणाऱ्या रुग्णालयांची यादी आणि या शस्त्रक्रियेसाठी प्रतीक्षा कालावधी आहे का, हे विचारणे.’ यात वेळ आहे, ठिकाण आहे, आणि संपले की संपले हे कळते. एका काळजीतून उद्यासाठी एकच काम काढावे. पाच कामे काढली की त्यांची नवी काळजी तयार होते.

‘वा’ प्रकार सर्वांत अवघड, कारण त्यात काही करायचे नसते आणि काळजी करणाऱ्या माणसाला काही न करणे म्हणजे निष्काळजीपणा वाटतो. आईच्या अहवालाची नोंद घ्या. कागदावर दोन ओळी लिहाव्यात. पहिली : ‘सोमवारी दुपारी कळेल.’ दुसरी : ‘चांगला आला तर पुढची तपासणी डॉक्टर सांगतील तेव्हा, नाही आला तर मंगळवारी मी रजा घेईन आणि दादाला सोबत बोलावीन.’ एवढ्यावर थांबावे. या टप्प्यावर इंटरनेटवर अहवालातले शब्द शोधण्याचा मोह होतो. तो हमखास पाळता येण्यासारखा नियम करून टाळावा : सोमवारपर्यंत शोध बंद, शंका असेल ती डॉक्टरांना विचारायच्या यादीत. अर्ध्या रात्री वाचलेल्या माहितीने एखाद्याची काळजी कमी झाल्याचे माझ्या तरी पाहण्यात नाही.

‘घ’ म्हणजे उगाळणे. सोसायटीच्या सभेत पाण्याच्या टाकीवरून आपण तापून बोललो आणि तीन दिवस तेच डोक्यात आहे. येथे मन ‘का’ विचारत राहते : मी असा का वागलो, मला नेहमीच असे का होते. ‘का’ला तळ नसतो. त्याऐवजी ‘काय’ने सुरू होणारे तीन प्रश्न लिहून उत्तरे द्यावीत : नेमके काय वाक्य बोललो? समोरच्याने प्रत्यक्षात काय म्हटले? आता काय करायचे? दुसऱ्या प्रश्नाशी पेन हमखास अडते, कारण समोरच्याने बहुधा काहीच म्हटलेले नसते. तो काय समजला असेल, हे सगळे आपणच रचलेले असते. मन चिंती ते वैरी न चिंती, हे ‘घ’च्या नोंदी वाचताना जितके पटते तितके एरवी पटत नाही. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘रविवारी खाली भेटल्यावर माफी मागणे’ असे निघाले तर नोंद ‘क’मध्ये गेली. ‘काहीच नाही’ असे निघाले तर पुढे ‘झाले’ लिहून रेघ मारावी. उद्या तीच नोंद परत आली तर तिन्ही प्रश्न पुन्हा सोडवू नयेत, कालचे पान वाचावे.

कृती. शेवटच्या पाच मिनिटांत ‘क’मधले जे काम दोन मिनिटांत उरकण्यासारखे आहे ते बसल्या जागी उरकावे : एक निरोप पाठवणे, एक तारीख दिनदर्शिकेवर लिहिणे, एक कागद पिशवीत घालणे. या पाच मिनिटांपुरता फोन हाती घ्यायला हरकत नाही. रोज निदान एक काळजी कागदावरून उठून प्रत्यक्ष हलली, तर ही बैठक टिकते. नुसते लिहिण्यावर ती फार दिवस टिकत नाही.

गजर वाजला की यादी संपो न संपो, थांबायचे. उरलेल्या नोंदींपुढे बाण काढून त्या उद्यावर न्याव्यात. उलट, आठव्या मिनिटालाच यादी संपली तर पहिले दोन आठवडे तरी उठू नये, रिकामे बसावे. काळजी करायला वेळ दिला आहे आणि काळजी सुचत नाही, ही अवस्था जरा गमतीची असते, ती अनुभवावी.

*इशारा : ही बैठक दोघांनी मिळून करू नये. नवरा-बायको एकत्र बसले की एकाची नोंद दुसऱ्याला कारण पुरवते आणि वीस मिनिटांचा दीड तास होतो. सल्लामसलत हवी असेल तर ती ‘क’मधले काम म्हणून वेगळ्या वेळी ठेवावी.*

टप्पा ४ : उठणे

चूक करण्याच्या यादीत अंथरुणात लिहिण्याखालोखाल या टप्प्याचा क्रमांक लागतो, कारण हा कोणी टप्पाच मानत नाही. वही मिटून माणूस तिथेच बसून राहतो, किंवा हातातला फोन चाळू लागतो, आणि वीस मिनिटांत ढवळलेले सगळे तसेच तरंगत राहते. वही मिटावी, ठरलेल्या खणात ठेवावी, खण लावावा, तोंडावर पाणी मारावे आणि दहा मिनिटे पायी फिरून यावे. फिरणे शक्य नसेल तर उभ्याने करायचे घरकाम करावे. शरीराची जागा बदलणे हे येथे मुख्य काम आहे.

*तपासा : वही डोळ्यांआड गेली का? जेवणाच्या टेबलावर उघडी पडलेली वही जेवताना वाचली जातेच.*

टप्पा ५ : रात्र

संध्याकाळची बैठक नीट झाली तरी अंथरुणावर पाठ टेकताच उद्याची कामे आठवू लागतात. त्यासाठी वेगळा उपाय आहे आणि तो बैठकीत मिसळू नये. अमेरिकेतील बेलर विद्यापीठात मायकेल स्कलिन यांनी केलेल्या, २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ५७ तरुण सहभागी होते. झोपण्यापूर्वी पाच मिनिटे काहींनी पुढच्या दिवसांत करायच्या कामांची यादी लिहिली, तर काहींनी करून झालेल्या कामांची. करायच्या कामांची यादी लिहिणाऱ्यांना सरासरी नऊ मिनिटे लवकर झोप लागली, आणि यादी जितकी नेमकी तितकी झोप लवकर. म्हणजे ‘बँकेचे काम’ यापेक्षा ‘बँकेत पासबुक भरून घेणे, केवायसीसाठी आधारची प्रत नेणे’ असे लिहिलेले बरे. यादी स्वयंपाकघरातल्या ओट्यापाशी किंवा टेबलावर लिहून तिथेच सोडावी आणि मग झोपायच्या खोलीत जावे.

रात्री जाग आली आणि विचार सुरू झाले, तर आधी श्वासाकडे जावे : चार मोजत आत, सहा मोजत बाहेर, घाई न करता. एखादी गोष्ट सुटत नसेल तर उठून उभ्याने चार शब्द टिपावेत, म्हणून चिठ्ठी-पेन उशाशी न ठेवता खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवलेले असावे. अंदाजे वीस मिनिटे झोप आली नाही तर दुसऱ्या खोलीत मंद दिव्यात बसावे, जुने मासिक चाळावे, आणि डोळे जड झाल्यावरच परतावे. घड्याळ पाहू नये. ‘तीन वाजले, म्हणजे उरले अडीच तास’ हा हिशेब एकदा सुरू झाला की ती रात्र गेली.

बाजूच्या सवयी, थोडक्यात

चहा-कॉफीतील कॅफिनचे शरीरातले प्रमाण निम्म्यावर यायला साधारण पाच तास लागतात, काहींना अधिक. दुपारी चारनंतरचा चहा बंद केल्याने काळजी संपत नाही, पण छातीतली जी धडधड काळजीच्या खात्यावर जमा होत होती तिचा काही भाग चहाचा होता, हे कळते. बातम्या दिवसातून ठरावीक वेळी पाहाव्यात. व्यायामाविषयी सगळ्यांना सगळे माहीत आहे.

एका सवयीवर मात्र थांबायला हवे, ती म्हणजे खात्री करून घेण्याची. ‘पोहोचलास का?’, ‘रागावला नाहीस ना?’, ‘डॉक्टर खरेच असे म्हणाले ना?’ प्रत्येक होकाराने काही मिनिटे बरे वाटते आणि मनाला कळते की बरे वाटण्यासाठी विचारायचे असते. पुढच्या वेळी ते अधिक लवकर विचारायला लावते. येथे नियम एकाचा ठेवावा. मुलगा पुण्याहून नाशिकला निघाला असेल तर ‘पोहोचल्यावर एक निरोप टाक’ हे निघतानाच ठरवावे आणि मधला फोन करू नये. ठरलेल्या वेळेनंतर तासभर निरोप नाही आला तर एक फोन. हे लिहायला सोपे आहे; पहिल्या दोन-तीन प्रवासांत हात फोनकडे जातोच, तेव्हा टप्पा दोनमधली चिठ्ठी घ्यावी.

टप्पा ६ : चार आठवड्यांनंतरची पडताळणी

महिना पूर्ण झाल्यावर एकदा निवांत, दिवसाउजेडी वही पहिल्या पानापासून वाचावी आणि प्रत्येक भविष्यातल्या काळजीपुढे ‘झाले’, ‘झाले नाही’ किंवा ‘अजून कळले नाही’ असे लिहावे. पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठातील २०२० च्या एका अभ्यासात सततच्या, सर्वच बाबतींतल्या चिंतेचा विकार असलेल्या २९ जणांनी दहा दिवस आपल्या काळज्या नोंदवल्या आणि पुढे महिनाभर त्या तपासल्या; सुमारे ९१ टक्के काळज्या खऱ्या ठरल्या नाहीत. तुमच्या वहीतला आकडा वेगळा असेल, आणि तो स्वतः काढण्यालाच महत्त्व आहे. दुसऱ्याच्या आकड्याने मन फार तर अर्धा दिवस शांत बसते.

ज्या काळज्या खऱ्या ठरल्या त्यांच्यापुढे एक जादा ओळ लिहावी : तेव्हा मी काय केले. या ओळी वाचताना बऱ्याच जणांना आश्चर्य वाटते, कारण गोष्ट घडली त्या दिवशी ते काळजी करत नव्हते, धावपळ करत होते.

*इशारा : ही पडताळणी दर आठवड्याला करू नये. रोप रुजले का, हे पाहण्यासाठी रोज उपटून पाहण्यासारखे ते होते.*

दरम्यान बैठक दोन-तीन दिवस चुकली तर मागचे दिवस भरून काढायला जाऊ नये. आजच्या चिठ्ठ्या घेऊन आजच्या वेळेला बसावे. चार आठवड्यांनी रोजची गरज उरली नसेल तर आठवड्यातून तीन दिवस ठेवावेत, पण वेळ आणि जागा तीच.

ही पद्धत केव्हा पुरत नाही

वहीवर सगळे भागत नाही, आणि ते ओळखता यायला हवे. बहुतेक दिवस काळजी आवरत नाही, असे सहा महिने चालले असेल आणि सोबत झोप, एकाग्रता, चिडचिड किंवा अंगदुखी यांचा त्रास असेल, तर मानसोपचारतज्ज्ञ किंवा चिकित्सा मानसशास्त्रज्ञ यांना भेटावे. कुलूप, गॅस, हात धुणे अशी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा तपासल्याशिवाय चैन पडत नसेल, तर या वहीत ते लिहीत बसू नये. लिहिणे हीच आणखी एक तपासणी होऊन बसते आणि त्यावरचे उपचार वेगळे आहेत. धडधड, हाताचा कंप, वजन उतरणे अशी लक्षणे असतील तर आधी नेहमीच्या डॉक्टरांकडून थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासून घ्यावे, कारण थायरॉइड वाढल्यावर होणारी अस्वस्थता हुबेहूब काळजीसारखी असते.

जगणे नकोसे वाटत असेल तर साडेसहाची वाट पाहू नये. जवळच्या माणसाला त्याच वेळी सांगावे. केंद्र सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो आणि तेथे मराठीतून बोलता येते.

डॉक्टरांकडे जाताना पूर्ण वही नेण्याची गरज नाही. पहिल्या तीन दिवसांच्या चिठ्ठ्या आणि अलीकडच्या एका आठवड्याची पाने न्यावीत. भेटीच्या दहा-पंधरा मिनिटांत ‘कधीपासून होते, दिवसातून किती वेळा, कोणत्या वेळी’ हे विचारले जातेच. ते आठवून सांगण्यापेक्षा कागद पुढे करणे दोघांनाही सोयीचे पडते.